वाचकांचे प्रश्न : मानशीचा हिशेब

प्रश्न : चोडणला आमचे थोडे खाजन (खाडीकाठचे, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेले) शेत आहे. मुलाचे म्हणणे असे की, गोव्याच्या उत्पन्नात शेती, वने आणि मासेमारी यांचा वाटा नगण्य असल्याने त्यांत जीव अडकवू नये. हे खरे आहे का? – एक वाचक, तिसवाडी

उत्तर : आकड्यापुरते चिरंजीवांचे बरोबर आहे, हा वाटा लहानच आहे. पण त्यात पिकलेल्या मालाची किंमत धरली जाते, बांधाने अडवलेल्या खाऱ्या पाण्याची नाही.

गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणझडपेची, दारे उघडतात आणि भरती चढू लागली की आपोआप मिटतात. पावसाने जमिनीतील क्षार धुऊन गेल्यावर तिथे खारटपणा सोसणारे कोरगुट भात होते, आणि मानशीवर जाळे लावून सुंगटे (कोळंबी), शेवटे, काळुंदर अशी मासळी मिळते. मासळीचा हक्क पावणीने (लिलावाने) द्यायचा आणि आलेल्या पैशातून बांधाची डागडुजी करायची, अशी ही जुनी व्यवस्था पूर्वी गावकारीकडे (गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेकडे) होती. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती बहुतेक ठिकाणी कूळ संघटनांकडे आली. बांध फुटला तर भातच जाते असे नाही, लगतच्या विहिरीही खाऱ्या होतात.

खोट आहे ती इथेच. पावणी घेणारा जादा मासळीसाठी भरतीलाही दारे उघडी ठेवतो, तेव्हा आतले शेत नापीक होते. त्या वर्षीच्या हिशेबात मात्र मासळीचे उत्पन्न वाढलेलेच दिसते!

वनांचे उदाहरण सत्तरी तालुक्यातले घ्या. तिथे वनजमिनीवरच्या काजूबागाही पावणीने दिल्या जातात. बी कारखान्याकडे जाते, बोंडू तुडवून काढलेला रस भाटीवर (दारूच्या भट्टीवर) चढतो, आणि त्याचा हुर्राक (सौम्य दारू) व पुढे फेणी होते, जिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एका फळाचे हे दोन पैसे मार्च ते मे या काळात, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या ऐन वेळी, घरात येतात.

चिरंजीवांना हिशेबच मांडायचा असेल, तर गेल्या वर्षी आपल्या मानशीची पावणी कितीला गेली आणि त्यातले बांधावर किती खर्च झाले, हे त्यांनी आधी कूळ संघटनेत जाऊन विचारावे.