फोनवर ‘सगळं ठीक आहे’ म्हणू नकोस

तुझा प्रश्न असा होता: “ताई, दोन महिन्यांनी परदेशी निघतोय. बायको वर्षभर तरी मागेच राहील. निघण्यासाठी कर्ज काढलंय, घरी अजून सांगितलं नाही, उगाच टेन्शन नको म्हणून. एकट्याने तिकडे विश्वास टिकवायचा कसा? चर्च कसं निवडायचं? घरी पैसे पाठवायचे की चर्चला दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, द्यायचा? आणि काही संकट आलं तर?”

मला बाहेर येऊन नऊ वर्षं झाली. चर्चच्या पाळकांसारखं उत्तर मला जमायचं नाही. माझं काय काय चुकलं तेवढं सांगते.

निघताना चर्चच्या मंडळीने मला बायबलमधल्या यिर्मया २९:११ चं कार्ड दिलं होतं. तुलाही कोणीतरी देईलच. देवाचे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत, तेच ते वचन. मी ते आरशाला चिकटवलं. सहाव्या महिन्यात काम सुटलं आणि त्या कार्डाकडे बघितलं तरी राग यायला लागला. मग एक दिवस, वेळच वेळ होता म्हणून, आख्खा अध्याय वाचला. ते एक पत्र आहे, यरुशलेमेहून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं. आणि अकराव्याच्या आधीचं, दहावं वचन म्हणतं, सत्तर वर्षं लागतील. म्हणजे ते पत्र ऐकणारे बहुतेक जण परत जाणारच नव्हते! त्यांना सांगितलं काय, तर घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, आणि ज्या नगरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे, तो म्हणतो दोन वर्षांत सगळं परत येईल. माझं गणितही हनन्याचंच होतं. दोन वर्षं काढायची, पैसे साठवायचे, परत. त्यामुळे बॅग अर्धी भरलेलीच पलंगाखाली पडून होती, आणि शेजारणीचं नाव विचारायला मला दीड वर्ष लागलं. तू पहिल्याच आठवड्यात बॅग पूर्ण रिकामी कर.

आता संकटाबद्दल. छळ वगैरे होईल अशी मनाची तयारी करून मी आले होते. माझी परीक्षा झाली ती एका करपलेल्या पातेल्यावरून. आम्ही तिघी एका घरात राहायचो. एकीने माझं पातेलं करपवलं आणि तसंच सिंकमध्ये ठेवलं, तीनदा. मी तिला काही बोलले नाही. बुधवारच्या प्रार्थनेत मात्र ‘माझ्या रूममेटचं मन बदलावं’ म्हणून विनंती ठेवली, सविस्तर. चहाडीच होती ती, फक्त डोळे मिटून केलेली. मत्तय १८:१५ पाठ होतं मला. भावाने अपराध केला तर आधी त्याला एकट्याला गाठून सांग. पाठ असून काय उपयोग?

शेवटी तिचं दार वाजवलं. ती दार अर्धंच उघडून उभी राहिली. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी दोन वाजता कामावरून येते. तू पाचला उठून मोठमोठ्याने प्रार्थना करतेस. तीन महिने मी झोपलेले नाही.” पातेल्याबद्दल तिने माफी मागितली नाही ती नाहीच. पण त्या दिवसापासून मी पहाटेची प्रार्थना जिन्यात बसून करते. तिने नंतर कधी मला माझ्या देवाबद्दल विचारलं नाही, हेही सांगून ठेवते. अशा गोष्टींचा शेवट चर्चमध्ये लोक साक्षीत सांगतात तसा होतोच असं नाही.

फोनचं मात्र मनावर घे. काम सुटल्यावर चार महिने मी घरी ‘सगळं ठीक आहे, प्रभूची कृपा’ असंच सांगत होते. ओळखीतून उसने घेऊन दर महिन्याला तेवढीच रक्कम पाठवत होते. तिसऱ्याच कुणाकडून आईला कळलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “मग चार महिने मी रोज रात्री आभार कसले मानत होते?”

त्यानंतर मी प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेलं, फिलिप्पैकरांचं पत्र नीट वाचलं. कैदेतल्या पौलासाठी त्या मंडळीने आपल्यातल्याच एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती मदत पाठवली, तर तोच तिकडे मरायला टेकला. आपण आजारी असल्याचं घरच्या मंडळीला कळलं म्हणून तो कासावीस झाला होता. अगदी आपल्यासारखा! पौल काही झाकत नाही. मरणाच्या दारात होता असं सरळ लिहितो, आणि त्याला मानाने उतरवून घ्या म्हणतो. विश्वासात कमी पडला असं एका अक्षरानेही म्हणत नाही. सगळे जण फलकावर लिहितात ते ‘मला सर्व काही शक्य आहे’ याच पत्रातलं. त्याच्या अलीकडे भूक आणि टंचाई आहे, आणि लगेच पलीकडे ‘तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे बरं केलंत’ असं आहे. वाटेकरी व्हायला आधी संकट माहीत तर हवं.

चर्चचं म्हणशील तर गाणी, इमारत, गर्दी यावर जाऊ नकोस. तू दोन रविवार दिसला नाहीस तर कोणी फोन करतं का, ते बघ. कागदपत्रं अडकली, आजार आला, तर ‘तुझाच विश्वास कमी’ म्हणणारे भेटले तर तिथून उठ. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आणि एकटा असताना मराठीतच प्रार्थना कर. परक्या भाषेत मला स्तुती जमायची, रडता यायचं नाही.

पैशांचं मार्क ७ मध्ये बघ. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलंय म्हणून हात वर करणाऱ्यांना येशूने चांगलंच फटकारलंय. दशमांशावर विश्वासणाऱ्यांत एकमत नाही. मी देते, पण घरची औषधं थांबवून नाही. किती द्यायचं ते बायकोशी बोलून ठरव.

भांडण तर होणारच. सूर्य मावळण्याआधी राग सोडा, असं पौल सांगतो. दोघांचे सूर्य वेगळ्या वेळी मावळतात. ज्याचा आधी मावळेल, तोच धरायचा. आमच्याकडे तरी हाच नियम आहे.

आणि ते कर्ज. ‘उगाच टेन्शन नको’ हे माझंच वाक्य आहे, नऊ वर्षांपूर्वीचं. विमानतळावर सांगू नकोस. आज जेवणं झाल्यावर कागद घेऊन बस, आकडा, व्याज, हप्ता, सगळं तिच्यासमोर लिही. ती चिडेल. उठून जाऊ नकोस, बसून राहा.