ग्रुप थेरपीवरची सिरीज अर्धवट का सुटते?

तुम्ही विचारलंय की एका सिनेदिग्दर्शकाने ग्रुप थेरपीवरची (म्हणजे काही जण थेरपिस्टसोबत एकत्र बसून मनातलं बोलतात, त्यावरची) टीव्ही सिरीज मध्येच सोडून दिली, एवढा दमदार विषय असून अडतं कुठे. पैशांचं काय झालं असेल ते सोडा, पण हा विषय कागदावर दिसतो तितका सोपा नाहीये. मी इंदूरला एडिटिंग करतो आणि घरातल्या एका कारणामुळे काही काळ अशा ग्रुपमध्ये बसलोय, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

आधी एडिटरचं रडगाणं. यालोम म्हणून मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांचं ग्रुप थेरपीवरचं १९७० चं पुस्तक या लाइनमध्ये अजून वाचतात, त्यांच्या हिशेबाने ग्रुपमध्ये सात-आठ जण असावेत. आता सात-आठ माणसं गोल करून बसलेली, बोलणार एक आणि खरी गंमत बाकीच्यांच्या चेहऱ्यावर, म्हणजे प्रत्येकाचे रिअ‍ॅक्शन शॉट घ्या, कोण कुणाकडे बघतंय ते लुक जुळवा, डोकं आउट होतं. दोघांची थेरपी जमते, इस्रायलची 'बेतिपुल' (२००५) ही सिरीज तशीच होती, त्यावरूनच एचबीओ या अमेरिकन चॅनलने २००८ ला 'इन ट्रीटमेंट' काढली.

कुणी म्हणेल 'एक रुका हुआ फैसला' या सिनेमात ज्युरीचे बारा जण एकाच खोलीत होते की. होते, पण तिथे खुनाचा आरोप असलेला पोरगा दोषी की निर्दोष हे ठरल्याशिवाय कुणी उठणार नव्हतं. ग्रुपमध्ये फैसला नसतोच ना. आमच्यात एक काका होते (नाव-गाव सांगणार नाही, तिथला नियमच आहे तो), पाळी आली की चष्मा पुसायचे आणि "पुढे चला" म्हणायचे, कितीतरी आठवडे हेच, आणि एक दिवस अचानक शेजारच्या पोराला विचारलं, "रात्री झोप लागते का रे तुला?" बस. आम्हाला ती केवढी मोठी गोष्ट वाटली, पण त्यावर एपिसोड कसा संपवणार? चॅनलवाले म्हणणार काकांना रडवा, थेरपिस्टचं लफडं दाखवा, आणि मग ती ग्रुप थेरपी उरतच नाही. हे ज्याला कळतं तो सोडूनच देणार, आणि माझ्या मते बरोबर करतो.

सोडलेलं वायाच जातं असंही नाही हां, डेव्हिड लिंच या दिग्दर्शकाचा 'मलहॉलंड ड्राइव्ह' आधी टीव्ही सिरीजचा पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला एपिसोड होता, एबीसी या अमेरिकन चॅनलने नाकारला, मग नवं शूट जोडून २००१ ला सिनेमा आला. पण या विषयाचं मी तर नाटक करीन. स्टेजवर सगळे सतत समोर, क्लोजअपची भानगड नाही, ज्याला जो बघायचाय तो बघेल. इंदूरला मराठी नाटकांना पब्लिक येतंच, फक्त मध्यंतरात बटाटेवडा खाऊन ते परत आत येईल एवढं बघावं लागेल.