पाळकसाहेब मुलाच्या वयाचे, मग मोठं कोण?

प्रश्न: आमच्या चर्चला नवीन पाळकसाहेब आलेत, वय 31. उपासना संपली की लोक पुढे जाऊन त्यांच्याकडून आशीर्वाद घेतात. माझे वडील 78 वर्षांचे, आयुष्यभर संडे स्कूल घेतलं त्यांनी, ते पण त्या पोराच्या पुढ्यात मान वाकवतात, मला बघवत नाही. बोललो तर एकाने बायबलमधलं इब्री 7:7 दाखवलं, की मोठा लहानाला आशीर्वाद देतो यात वादच नाही. म्हणजे वडील लहान ठरले का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: भाऊ, ते वचन पाळकांबद्दल नाहीच आहे मुळात, आपल्याकडे ते कुठेही चिकटवतात. इब्री म्हणजे इब्रीकरांस पत्र, आणि ते लिहिणारा तिथे बायबलच्या पहिल्या पुस्तकातली, उत्पत्ती 14 मधली गोष्ट काढून बसलाय. अब्रामाने, म्हणजे पुढे ज्याला अब्राहाम म्हणतात त्याने, 318 माणसं घेऊन, रातोरात हल्ला करून पुतण्याला, म्हणजे लोटाला सोडवलं, चार राजांना पळवलं, सगळी लूट परत आणली, आणि असा जिंकून येताना त्याला शालेमचा राजा मलकीसदेक भेटतो, भाकर आणि द्राक्षारस घेऊन आलेला. तो आशीर्वाद देतो आणि अब्राम गपचूप घेतो, वर दशांश पण देतो. सदोमचा राजाही तिथेच असतो, तो म्हणतो माणसं मला दे, माल तू ठेव, तर त्याला अब्राम सांगतो की तुझा दोरा नको की वहाणेचा बंद नको. मला हा भाग फार आवडतो.

आता इब्रीकरांस पत्रात हे का आलं? तर येशू यहूदाच्या वंशातला, आणि मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे याजक, म्हणजे पुरोहित, फक्त लेवीच्या वंशातले, मग येशू याजक कसा, ही अडचण. त्यावर लेखक म्हणतो, लेवी हा अब्राहामाचा पणतू, तेव्हा जन्मला पण नव्हता, आणि पणजोबांनीच मलकीसदेकापुढे मान वाकवली म्हटल्यावर लेवीचे याजक आपोआप खाली आले, आणि स्तोत्र 110 मध्ये तर मलकीसदेकासारखा याजक युगानुयुगे राहणार म्हटलंय. वकिली मुद्दा आहे हो हा, कुणाच्या चर्चमध्ये कोण सीनियर ते ठरवायला लिहिलेला नाही.

आणि मोठेपण वयावर असतं तर मलकीसदेकाचं वय तरी दिलं असतं ना, ते नाही, आईबाप नाही, जन्म नाही, मरण नाही. फक्त परात्पर देवाचा याजक, बस.

उलट उत्पत्ती 47 बघा. दुष्काळामुळे मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये आलेला याकोब, अब्राहामाचा नातू, 130 वर्षांचा, मेंढपाळ माणूस, त्याचा मुलगा योसेफ त्याला फारोपुढे, म्हणजे तिथल्या राजापुढे नेऊन उभा करतो आणि हा म्हातारा चक्क फारोलाच आशीर्वाद देतो, आल्यावर एकदा आणि निघताना परत एकदा. राज्य फारोचं, धान्य फारोचं, आणि तो विचारतो काय, तर बाबा तुमचं वय किती!

शिवाय बायबलमधल्याच गणना 6 मध्ये अहरोन याजक आणि त्याच्या मुलांनी आशीर्वाद देताना काय म्हणायचं ते शब्दसुद्धा ठरवून दिलेत, आणि शेवटी देव म्हणतो, आशीर्वाद मी देईन. मनीऑर्डर पोस्टमन आणतो, पैसे काही त्याचे नसतात, तसंच हे. पोस्टमन 31 चा असला म्हणून आपण सही करायची थांबतो का?

त्यामुळे वडील कुणापुढे मान वाकवतात ते एकदा त्यांनाच विचारा, माझ्या मते ते त्या पोराकडे बघतच नसतील. आणि पुढच्या रविवारी त्यांना सांगा, उपासनेनंतर पाळकसाहेबांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा म्हणून. साहेब नको म्हणाले तर मला कळवा.