स्टाफ मला खबरी म्हणतो

प्रश्न : मॅडम, मी हवालदार आहे, नोकरीला २१ वर्षं झाली. टेन्शनमधल्या सहकाऱ्याचं ऐकून कसं घ्यायचं याच्या ट्रेनिंगला साहेबांनी माझं नाव दिलं, तीन दिवस करून आलो. आता मी चहाला गेलो की सगळे गप्प, "साहेबांचा खबरी आला" म्हणतात. त्यात एक नवीन पोरगा परवा नाईटला म्हणाला, गणपती बंदोबस्तापासून झोपच नाही, पण कुणाला सांगू नका. काय करू?

उत्तर : हवालदारसाहेब, नाव साहेबांनी दिलं ना, मग संशय येणारच, स्टाफचं काही चुकलं नाही. खरंतर असा माणूस स्टाफनेच निवडायचा, रात्री दोनला फोन करावासा वाटला तर कुणाला कराल एवढंच विचारून, आणि ड्युटी-रजा ज्याच्या हातात आहे त्याला तर यात घ्यायचंच नाही. आता झालं ते झालं, पण "कोण काय बोललं ते मी याला विचारणार नाही" हे साहेबांनीच हजेरीला सगळ्यांसमोर सांगू दे.

पोराला तुम्ही लगेच हो म्हणालात का? तिथेच बरेच जण अडकतात. त्याला सांगा, तुझं माझ्यापाशीच राहील, फक्त जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही, पण तुला सांगूनच पुढे जाईन. आणि सरळ विचारा, मरायचे विचार येतात का. विचारल्याने ते डोक्यात भरतात हा गैरसमज आहे. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, आणि आपल्याकडे हत्यार हाताशी असतं ना, ते त्याच रात्री जमा होईल असं बघा, इन्चार्जला त्यापुरतंच सांगा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

त्याची खातेनिहाय चौकशी चालू असेल तर मात्र घटनेचं खोदून विचारू नका, उद्या साक्षीला तुम्हालाच बोलावतील. झोप, घर, दारू यावर बोला.

बाकी ड्युटीच्या तासांचं दुखणं तुमच्या ऐकण्याने जाणार नाही हो. २०१६ला मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांची ड्युटी करून बघितली, ती कल्पनासुद्धा एका अंमलदारानेच मांडली होती, साहेबांनी नाही.

पोरगा परवा बोललाय, तर आजच गाठा त्याला. ठाण्यात नको, ड्युटी सुटल्यावर लांबच्या टपरीवर, सिव्हिल कपड्यात.