वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यात धुराड्याला येणारा वास

प्रश्न : आमचे कौलारू घर खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आहे. न्हाणीत पाणी तापवण्यासाठी विटांची चूल असून तिचे धुराडे कौलांतून वर काढलेले आहे. उन्हाळ्यात काही त्रास नसतो. परंतु मृगाचा पाऊस लागला की चूल विझलेली असतानाही जळक्या डांबरासारखा उग्र वास माजघरापर्यंत येतो. सासूबाईंना दमा आहे. कापूर जाळला, चुलीत फिनेल टाकले, तरी दोन दिवसांत पुन्हा तेच. जळणात लाकडांबरोबर काजूची टरफलेही असतात. काय करावे?
— एक भगिनी, ता. खानापूर

उत्तर : आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे. वास चूल विझलेली असताना आणि पावसातच येतो, म्हणजे तो आजच्या धुराचा नसून धुराड्याच्या आतल्या अंगाला वर्षानुवर्षे बसलेल्या काजळीचा आणि चिकट राळेचा आहे. लाकूड ओले असले की ते धड पेटत नाही, धुमसत राहते, आणि त्या धुरातील वाफा धुराड्याच्या थंड भिंतीला लागून तेथेच थिजतात. काजूच्या टरफलात दाहक तेल असते. त्याच्या काळ्या, झोंबणाऱ्या धुराने हा थर अधिकच वाढतो. पावसाचे पाणी आणि दमट हवा त्या थरात मुरली की वास सुटतो. म्हणून कापूर किंवा फिनेल यांचा उपयोग होत नाही. वासावर वास चढतो एवढेच, आणि दमेकरी माणसाला तर हे दोन्ही वास त्रासदायकच ठरतात.

पहिले काम थर काढण्याचे. तीन-चार दिवस उघाड मिळाली की चूल पूर्ण थंड असताना, चुलीच्या तोंडावर ओले पोते बांधून, लांब काठीला किंवा दोरीला बांधलेल्या तारेच्या ब्रशने धुराडे वरून खाली घासून घ्यावे. ओल्या कौलांवर कोणालाही चढवू नये, आणि घासणाऱ्याने नाका-तोंडावर चांगला मास्क लावावा. विटांचे धुराडे पाण्याने धुऊ नये, कारण विरघळलेली काजळी विटांत मुरते आणि वास कायमचा होतो. पेंढा पेटवून काजळी जाळून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती कृपा करून अवलंबू नये. ही राळ एकदा पेटली की धुराड्यालगतचे वासे आणि रिपा पेट घेऊ शकतात. आपले धुराडे जुन्या अॅस्बेस्टॉस सिमेंटच्या पाइपचे असेल तर मात्र ते मुळीच घासू नये. त्याचे तंतू फुप्फुसाला घातक असतात. तो पाइप न फोडता, ओला करून उतरवावा आणि त्या जागी दुसरे धुराडे बसवून घ्यावे. घासताना आत पाखराचे घरटे किंवा मेलेला उंदीर सापडला तर वासाचे तेही एक कारण समजावे.

थर निघाल्यावर पाऊस अडवावा. धुराड्याच्या तोंडावर बाजूंनी मोकळी असलेली पत्र्याची टोपी बसवावी आणि तिला जाळी लावावी, म्हणजे पाखरेही आत शिरणार नाहीत. धुराडे कौलांतून जेथे बाहेर पडते तेथील फट गवंड्याकडून नीट बंद करून घ्यावी. पुष्कळदा पाणी तोंडातून न येता याच फटीतून झिरपत असते. धुराड्याचे तोंड छपराबाहेर पडण्याच्या जागेपासून किमान 3 फूट वर आणि 10 फुटांच्या आतील आढ्यापेक्षा किमान 2 फूट उंच असावे. कणकुंबी-जांबोटीकडे घाटावरून जोराचा वारा येतो, आणि आढ्याच्या आडोशाला राहिलेल्या आखूड धुराड्यात तो वरून खाली दाबला जातो.

वास माजघरापर्यंत पोहोचतो, याचा अर्थ हवा धुराड्यातून खाली येत आहे. चूल विझलेली असताना चुलीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरून पाहावे. धूर खोलीकडे वळला तर स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा बंद करून, खिडकी थोडी उघडून पुन्हा पाहावे. आता धूर धुराड्याकडे वळला, तर तो पंखाच धुराड्यातून हवा खेचत होता असे समजावे आणि तो लावताना खिडकी उघडी ठेवावी. चूल वापरात नसताना तिचे तोंड पत्र्याच्या झाकणाने बंद करता येईल, मात्र निखारे पूर्ण विझून राख थंड झाल्यावरच. धुमसत्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि बंद न्हाणीत तो जीव घेतो.

काजूची टरफले जाळणे मात्र बंदच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ती फुकट मिळतात हे खरे, पण घरात दम्याचे माणूस असताना ही बचत महागात पडणारी आहे. लाकूड फोडून उन्हाळाभर वाळवावे आणि पावसाआधी पडवीत, जमिनीपासून वर रचून ठेवावे.

प्रश्न : निपाणीत आमच्या फ्लॅटमधील विजेच्या चिमणीला जाळ्या धुऊनही जुन्या तेलाचा वास येतो. जाळ्या अॅल्युमिनियमच्या असून धुण्याच्या सोड्याने काळ्या पडल्या आहेत.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : तेल जाळीमागच्या पंख्यावर, तेल साठण्याच्या वाटीत आणि घड्यांच्या नळीत साचलेले असणार. वाटी दर आठवड्याला रिकामी करावी. पंखा आणि नळी वीज बंद करून कारागिराकडून साफ करून घ्यावी. घड्यांच्या लांब नळीऐवजी आखूड, सरळ आणि आतून गुळगुळीत नळी बसवल्यास तेल कमी साचते. चिमणी बंद असतानाच वास येत असेल तर नळीच्या बाहेरच्या टोकाला, वारा आत येऊ न देणारी झडप बसवावी. अॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा चालत नाही, त्यामुळेच जाळ्या काळ्या पडल्या. यापुढे त्या गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणातच भिजवाव्यात, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नयेत.