रोजची शपथ आणि रविवारची प्रतिज्ञा

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

काल मराठी शाळेतून येताना गाडीत तू विचारलंस, "आई, मी रोज सकाळी छातीवर हात ठेवून अमेरिकेची शपथ घेते आणि आता २६ जानेवारीला स्टेजवर 'भारत माझा देश आहे' म्हणणार. मग यातलं खोटं कुठलं? आणि मुळात देशाचा अभिमान वाटणं चांगलं असतं का?" मी म्हटलं, मोठी झालीस की कळेल. घर येईपर्यंत तू खिडकीबाहेर बघत होतीस. तेरा वर्षांच्या मुलीला असं उडवून लावणं मला शोभलं नाही. म्हणून हे पत्र. एखादा शब्द अडला तर खूण करून ठेव, आपण बसून वाचू.

आधी त्या मॅचबद्दल बोलते, कारण तुझ्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे हे मला माहीत आहे. ९ जून २०२४. भारत-पाकिस्तान, न्यूयॉर्कजवळच्या नासाउ काउंटीत. आपण मंडळातल्या एका घरी टीव्हीसमोर जमलो होतो आणि तू तुझ्या मैत्रिणीला घेऊन आली होतीस. तिचे आईबाबा लाहोरचे. भारत ११९ वर गुंडाळला गेला तेव्हा सगळे गप्प झाले. मग बुमराहने सामना फिरवला आणि आपण ६ धावांनी जिंकलो. सगळ्यांनी उड्या मारल्या, मीही मारल्या. पण त्यानंतर एका काकांनी पाकिस्तानच्या नावाने ज्या घोषणा सुरू केल्या त्या थांबेचनात. तुझी मैत्रीण भेळेची वाटी हातात धरून बसली होती. चमचा तसाच. थोड्या वेळाने तिने बाबांना फोन करून न्यायला बोलावलं. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले, "सॉरी बेटा" म्हटलं, आणि परत येऊन काकांना मात्र एक शब्दही बोलले नाही. चारचौघांत कशाला, असं वाटलं. ते मला आजही खुपतं. तू ते सगळं बघत होतीस.

जिंकल्यावर आपल्याला जो आनंद झाला तो आपल्या माणसांबद्दलच्या मायेतून आला होता आणि त्याची लाज बाळगायचं काही कारण नाही. पण घरी आलेल्या पाहुणीला, तेही एका लहान मुलीला, मान खाली घालायला लावणं यात देशाचं काय भलं झालं? भारतातल्या कुणाच्या ताटात त्याने एक घास जास्त पडला? प्रेमाचं नाव घेऊन माणूस नुसता द्वेषाची हौस भागवून घेऊ शकतो. त्या दिवशी तसंच झालं.

आता प्रतिज्ञेकडे येते. शाळेत दहा वर्षं मी ती रोज म्हटली. पटांगणावर रांगेत, उजवा हात समोर ताठ, पुढच्या मुलीच्या वेणीला बोटं लागतील इतक्या जवळ. बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकात सुरुवातीलाच ती छापलेली असायची. इतकी पाठ होती की अर्थाकडे कधी लक्षच गेलं नाही. या आठवड्यात तुझ्याकडून घोकून घेताना मी ती पहिल्यांदा नीट वाचली, असं म्हटलं तरी चालेल.

ती मूळची तेलुगूत आहे. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव नावाच्या, विशाखापट्टणमला कोषागारात नोकरी करणाऱ्या एका अधिकाऱ्याने ती १९६२ साली लिहिली आणि १९६५ पासून देशभरातल्या शाळांत ती म्हटली जाऊ लागली. ही दोन्ही वर्षं लक्षात ठेव. १९६२ ला चीनशी युद्ध झालं आणि १९६५ ला पाकिस्तानशी. अशा काळात मुलांच्या तोंडी दिलेल्या या प्रतिज्ञेत शत्रूचा उल्लेखही नाही. कुणाला हरवायचं नाही, कुणाहून मोठं व्हायचं नाही. सगळे भारतीय माझे बांधव, प्रत्येकाशी सौजन्याने वागेन, आणि शेवटी देशाचं नि देशबांधवांचं कल्याण यातच माझं सौख्य. बस.

अभिमानाबद्दल तर फार नेमकं लिहिलंय. "परंपरांचा मला अभिमान आहे" असं म्हणून लगेच पुढच्या वाक्यात काय येतं? "त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता माझ्या अंगी यावी म्हणून मी सदैव प्रयत्न करीन." पाईक म्हणजे काय, असं तू परवा विचारलं होतंस. पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, चाकरी करणारा. म्हणजे बघ, तू या मातीतली आहेस म्हणून तू आपोआप थोर ठरत नाहीस. चाकर व्हायचीसुद्धा आधी पात्रता लागते आणि ती आयुष्यभर कमवावी लागते. ज्या अभिमानाच्या मागे हे दुसरं वाक्य नाही, तो मला रिकामा वाटतो.

तुला पणजी आठवणार नाही, तू व्हायच्या आधीच ती गेली. माझी आजी. तिचं सासर कुंडलजवळ, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात. आता तो भाग सांगलीत येतो. १९४२ च्या 'चले जाव' नंतर तिकडे इंग्रजांचा अंमल झुगारून लोकांनी गावोगाव स्वतःचा कारभार सुरू केला. क्रांतिसिंह नाना पाटील त्याचे पुढारी. त्याला म्हणायचे प्रतिसरकार, लोकांच्या तोंडी पत्री सरकार. १९४३ पासून १९४६ पर्यंत ते चाललं. गावातले तंटे गावातच मिटवायचे, कर्ज न काढता थोडक्यात 'गांधी लग्नं' लावायची, अशी कितीतरी कामं त्यांनी केली. फितुरांना शिक्षाही कडक असायच्या, आणि आजी त्या सांगताना आवाज खाली आणायची. ते पर्व फक्त पोवाड्यातलं नव्हतं, त्यात माणसं भरडलीही गेली.

आजी तेव्हा सोळा वर्षांची, नवी नवरी. रात्री सासू तिला हळूच हलवून उठवायची. चुलीचा जाळ बाहेर दिसू नये म्हणून दाराला आतून घोंगडं लावायचं आणि शाळवाच्या भाकरी थापायच्या. वीस, पंचवीस, कधी त्याहून जास्त. वर ठेचा, कांदा. सगळं फडक्यात बांधून पाटीत ठेवायचं, त्यावर शेणी रचायच्या आणि पहाटे ती पाटी डोक्यावर घेऊन रानात जायचं. तिथे भूमिगत पोरं दडून असायची. वाटेत पोलीस भेटला तर खाली मान घालून चालत राहायचं. एकदा एका शिपायाने वरची शेणी काठीने ढोसली. फडकं गरम होतं, त्यातून वाफ येईल या भीतीने आपला जीव घशाशी आला होता, असं ती पन्नास वर्षांनीही हात गळ्याशी नेऊन सांगायची.

मी शाळेत असताना मोठ्या ऐटीत तिला विचारलं होतं, "आजी, तू हे देशासाठी केलंस ना?" तिने सुपातलं धान्य पाखडता पाखडता म्हटलं, "देस म्हंजी केवढा त्ये मला काय ठावं? पोरं उपाशी हुती. आपलीच हुती."

ही गोष्ट इथेच संपवली असती तर मला फार आवडलं असतं. पण तिने पुढचंही सांगितलं होतं, म्हणून मीही सांगते. त्या पोरांतले दोघं गावकुसाबाहेरच्या वस्तीतले होते. त्यांच्या भाकरी वेगळ्या फडक्यात जायच्या आणि हातावर वरून टाकायच्या. जीव धोक्यात घालून भाकरी न्यायची आणि ती देताना हाताला हात लागू द्यायचा नाही. "तवा तसंच हुतं," आजी म्हणाली आणि मग बराच वेळ गप्प बसली. सूपही थांबलं होतं.

आपल्याच घरातलं हे. देशावर प्रेम होतं, त्यात खोट नव्हती, आणि तरी शेजारचा माणूस बांधव वाटत नव्हता. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत शेवटचं मोठं भाषण करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यावरच बोट ठेवलं. जाती राष्ट्रविरोधी आहेत, कारण त्या माणसामाणसांत फूट पाडतात, असं ते म्हणाले. हल्ली 'राष्ट्रविरोधी' हा शब्द कुणालाही चिकटवतात. बाबासाहेबांनी तो जातीला लावला होता. त्याच भाषणात त्यांनी हेही बजावलं की धर्मात भक्ती तारेल, पण राजकारणात एखाद्या माणसाची भक्ती देशाला अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. देश आणि देश चालवणारा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुझ्या इथल्या देशालाही हे लागू आहे आणि माझ्या तिथल्याही.

तुझ्या वर्गातला एक मुलगा शपथेच्या वेळी बसून राहतो आणि बाकीची मुलं त्याला बोलतात, असं तू सांगितलं होतंस. त्याचा तो हक्क आहे. १९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शाळेतल्या मुलांना झेंड्याला वंदन करायची नि शपथ घ्यायची सक्ती करता येणार नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या, आपल्या धर्मश्रद्धेमुळे वंदन न करणाऱ्या मुलींचा तो खटला होता. आणि भारतात? केरळातल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत गायलं नाही म्हणून शाळेतून काढलं होतं. ती आदराने उभी राहायची, फक्त श्रद्धेमुळे गात नव्हती. १९८६ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. दोन देश, शेकडो मैलांचं नव्हे हजारो मैलांचं अंतर, आणि दोन्हीकडच्या न्यायाधीशांना एकच गोष्ट कळली होती की प्रेम वठणीवर आणून करून घेता येत नाही. मला या दोन निकालांमुळे दोन्ही देशांचा अभिमान वाटतो. अगदी मनापासून.

(हात समोर धरायला तुला विचित्र वाटतं म्हणालीस ना? इथली मुलंही आधी हात असाच पुढे करायची. नाझींच्या सलामीसारखं दिसतं म्हणून १९४२ मध्ये तो छातीवर आणला.)

आता तुझा पहिला प्रश्न, खोटं कुठलं? याचं उत्तर मला द्यायला जड जातं, कारण मी स्वतः ते वाक्य उच्चारलेलं आहे. नागरिकत्वाच्या समारंभात उजवा हात वर करून म्हणावं लागतं की ज्या देशाची मी आजवर नागरिक होते त्याच्याबद्दलची सगळी निष्ठा मी पूर्णपणे सोडते. मी ते म्हटलं. 'सोडते' म्हणताना आवाज फुटेना. मला पणजीची पाटी आठवत होती. तरी म्हटलं, आणि विचार करूनच म्हटलं. जिथे आपण राहतो, कर भरतो, जिथे तू शाळेत जातेस, तिथे मत न देता नुसतं पाहुण्यासारखं राहणं मला पटेना. भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, म्हणून भारताचा पासपोर्ट जमा केला. तो 'रद्द'चा शिक्का मारून परत आला.

कागदावरची निष्ठा एकाच ठिकाणी असते, आणि माझी आता इथे आहे. ती मी प्रामाणिकपणे पाळते. पण माणसांवरची माया सोडायला मला कुणी सांगितलं नव्हतं, सांगूही शकत नाही. २०१९ ला कृष्णेला पूर आला तेव्हा मी रात्र रात्र फोनजवळ बसून होते, ते कुठल्या पासपोर्टवर बसले होते?

तुझं मात्र माझ्याहून वेगळं आहे, आणि हे मला आधीच सांगायला हवं होतं. तू इथे जन्मलीस. तुझा देश हा आहे. इथल्या शपथेत शेवटी सगळ्यांना स्वातंत्र्य आणि न्याय असं येतं. ते सगळ्यांना मिळतं का, हे विचारत राहणं तुझं काम. भारत हे तुझं आजोळ. आजोळावर कुणी हक्क सांगत नाही, पण तिथलं पाणी वेगळं लागतं, तिथली माणसं हातावर खाऊ ठेवतात आणि तिथे कुणी आजारी असलं की आपल्याला झोप लागत नाही. तिथलं काही चुकलं तर बोलायचा हक्कही नातीला असतो. माझ्या डोळ्यांत राष्ट्रगीताला पाणी येतं म्हणून तुझ्याही आलं पाहिजे असं नाही.

रविवारी प्रतिज्ञा म्हणायची की नाही हे तू ठरव. 'भारत माझा देश आहे' हे वाक्य तुला खोटं वाटत असेल तर तेवढं सोडून बाकीची म्हण. बाईंशी मी बोलेन. तुझ्या मैत्रिणीला बोलवायचं असेल तर तिच्या आईला फोन मीच करते, आणि या वेळी ते काका भेटले तर जे तेव्हा बोलायचं राहिलं तेही बोलते.

तो रद्द झालेला पासपोर्ट माझ्या कपाटात वरच्या खणात, साड्यांच्या खाली आहे. बघावासा वाटला तर काढ. शेवटच्या पानावर गावाचा पत्ता आहे, आणि पणजीचं घर अजून तिथेच आहे.

तुझी,
आई