आजीची अंगठी मोडण्यापूर्वी

प्रश्न : आजीची हिऱ्याची अंगठी माझ्या वाट्याला आली आहे. मधे एक मोठा हिरा, दोन्ही बाजूंना तीन-तीन बारीक. पट्टी झिजून पातळ झाली आहे आणि मधला हिरा इतका उंच बसवलाय की लोकरीच्या कपड्यांत अडकतो. तेच हिरे आणि तेच सोनं वापरून रोज घालता येईल अशी अंगठी होईल का?

उत्तर : हिऱ्यांचं जमेल. सोन्याचा हट्ट मात्र धरू नका, त्याचं कारण पुढे येईलच.

डिझाइनची चित्रं बघण्याआधी खडे काढून तपासून घ्या, तेही तुमच्यासमोर. हिरा कठीण असला तरी चिवट नसतो. ठरावीक दिशेने ठोका बसला तर कपची उडते. जुन्या हिऱ्यांची कड बऱ्याचदा पातळ असते आणि उडालेली कपची नेमकी नखीखाली, म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या आकड्याखाली, लपलेली असते. खडा सुटा झाल्यावर दहापट भिंगातून कड गोल फिरवून बघा. व्यास, उंची, वजन कागदावर लिहून घ्या आणि आतल्या डागांचे फोटो काढा. परत आलेला हिरा तुमचाच आहे, याचा तुमच्या हातातला पुरावा हाच.

आजच्या पैलूंचा 6.5 मिमी व्यासाचा गोल हिरा साधारण एक कॅरट, म्हणजे 0.2 ग्रॅम भरतो; 5.2 मिमीचा अर्धा कॅरट. जुन्या पैलूंचे हिरे खोल असतात, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा खडा वरून लहान दिसतो. त्यात फसवणूक काही नाही. ‘नव्याने पैलू पाडून देतो, जास्त चमकेल’ असं कुणी म्हणालं तर आमचं मत नकोच. वजन कायमचं जातं आणि जुन्या पैलूंची ती संथ, मोठाल्या तुकड्यांची लकाकी पुन्हा मिळत नाही.

आता उंची. आजच्या पैलूंच्या गोल हिऱ्याची उंची व्यासाच्या साधारण 60 टक्के असते, जुन्याची त्याहून जास्त. तुमचा हिरा 5.2 मिमीचा असेल तर तो निदान तीन मिमीहून थोडा जास्त उंच असणार आणि खालचं टोक बोटाला टेकता कामा नये. यापेक्षा बसकी अंगठी कुणी कबूल केली तर टोकासाठी जागा कुठे ठेवली, ते विचारा. रोजच्या वापराला चारी बाजूंनी पट्टीचं कोंदण चांगलं: कपड्यात अडकत नाही, कडेची बारीक कपचीही झाकली जाते. नख्याच हव्या असतील तर 18 कॅरट सोन्यात करा (सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता, वजन नव्हे). 22 कॅरट मऊ, नख्या लवकर वाकतात. बोटाभोवतीची पट्टी दीड मिमीहून पातळ नको. पट्टी दबली की कोंदणाचा आकार बिघडतो आणि खडे हलू लागतात. हिरा पडला की दोष नखीला दिला जातो, पण पुष्कळदा मूळ दुखणं पट्टीत असतं.

बारीक हिऱ्यांची गोष्ट वेगळी. जुने सहा खडे एकसारखे दिसले तरी मापात मिमीच्या एक-दोन दशांशांचा फरक निघतो. कॉम्प्युटरवर डिझाइन करणाऱ्याने सगळी घरं एका मापाची केली तर एक खडा खुळखुळतो आणि दुसरा दाबून बसवताना फुटतो. प्रत्येकाचं माप वेगळं द्यायला सांगा.

सोन्याचं म्हणाल, तर जुन्या दागिन्यात डागडुजीचं झाळण, म्हणजे जोड देताना वितळवलेला धातू, मिसळलेलं असतं. कधीतरी कुणी शिसं-कथलाने जोड दिलेला असला तर थोड्याशा शिशानेही सोनं ठिसूळ होतं आणि पट्टी ओढताना तडकते. म्हणून ते आधी शुद्ध करायला हवं. शिवाय अंगठी आधी मेणात घडवून मग सोन्यात ओततात; त्या ओतकामात सोनं साच्यात जाण्याच्या नळीपुरतं जादा सोनं लागतं, ते जुन्या अंगठीतून निघत नाही. मेणाचा नमुना हाती आला की त्याचं वजन करा. 18 कॅरटमध्ये अंगठी त्याच्या सुमारे 15 ते 16 पट भरते. 0.3 ग्रॅम मेण म्हणजे साडेचार ते पावणेपाच ग्रॅम सोनं. अंगठी जड झाली, ही तक्रार या टप्प्यावर केली तर उपयोग.

प्रश्न : माप वाढवायचं आहे. हिरा न काढता झाळलं तर चालेल?

उत्तर : नुसता हिरा असेल, त्यावर बोरिक ॲसिडचा लेप दिला असेल आणि गरम अंगठी पाण्यात बुडवली नाही तर चालतं. लेपाशिवाय ज्योत लागली तर हिऱ्याचा पृष्ठभाग जळून दुधाळ होतो. भेगा काचेने भरलेला हिरा, पाचू, मोती किंवा ओपल असेल तर खडा काढल्याशिवाय ज्योत नकोच. मागून बंद कोंदण असेल तर आत चकाकीचा वर्ख असू शकतो. तो पाण्याने काळा पडतो, म्हणून धुवायलाही देऊ नका.

प्रश्न : अंगठीऐवजी पेंडंट केलं तर?

उत्तर : ठोके कमी बसतात, त्यामुळे कड नाजूक असलेल्या हिऱ्याला हेच बरं. साखळीची कडी मात्र वजनाच्या मध्यापेक्षा बरीच वर हवी, नाहीतर पेंडंट सारखं उलटतं. ताब्यात घेताना कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचकी मारा. टिकटिक ऐकू आली तर खडा सैल आहे. नख्यांवरून रेशमी धागा ओढून बघा. अडकला तर तिथेच परत द्या.